डाव्या पुढच्या टायरची आतली कड

९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त गाडीपुरती. घरातलं, मनातलं वगैरे काही लिहिणार नाही.

सकाळी गावात, वीराबिनला, पेट्रोल भरत होतो. लिंडसे ओब्स्ट भेटला. लिंडसे म्हणजे शेजारी. त्याच्या आणि माझ्या शेतात एकच कुंपण आहे आणि ते नेहमी त्याच्या बाजूनेच मोडतं. त्याने माझ्या पिकअपभोवती एक चक्कर मारली, पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "नेव्ह, हा टायर आतल्या कडेला पार टकला झालाय की रे. बाहेरून बघ, कसा नवा कोरा. आतून बघ, अगदी तुझं डोकं."

माझं डोकं विरळ आहे. टकलं नाही. तरी वाकून बघितलं. टायरबद्दल तो बरोबर होता.

घरी बायको, ग्लेनिस, म्हणाली, केल्व्हिनकडे दाखव. केल्व्हिन शर्मर हा तिचा भाऊ. गावातलं टायरचं दुकान त्याचं. चाकं सरळ करायचं मशीनही त्याच्याकडेच, दुसरं थेट पोर्ट लिंकनला. मी तीन वर्षं त्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणार नाही. सासूबाईंच्या वाढदिवसाला भरल्या टेबलावर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "नेव्हच्या गव्हाच्या ओळी बघून विमानातल्या माणसांना चक्कर येते." माझ्या ओळी जमिनीच्या चढउताराप्रमाणे जातात. मुद्दाम. हे कळायला शेती करावी लागते, टायर विकून कळत नाही.

निदान मी स्वतः करणार. त्यात काय एवढं? गोल वस्तू आहे.

१० सप्टेंबर

निदान झालं. एका दिवसात.

टायरच मुळात सदोष. कारखान्यात आतली बाजू कच्ची राहिली असणार, पाव एका बाजूने कच्चा राहतो तशी. उपाय सोपा. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. जेवणाआधी काम फत्ते. जॅक एकदाच घसरला, तोही माझ्या पायावर नाही, शेजारी.

केल्व्हिनने यासाठी मशीन लावलं असतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

विचित्र प्रकार. उजवीकडचा ठणठणीत टायर डावीकडे लावला, तर तोही आतून झिजायला लागला. हात फिरवून बघितलं. बाहेरून आत फिरवला तर गुळगुळीत, आतून बाहेर फिरवला तर करवत. आणि ज्याला मी आजारी समजत होतो तो उजवीकडे मजेत आहे.

ग्लेनिस चहा घेऊन आली. म्हणाली, म्हणजे दोष टायरचा नाही, त्या जागेचा आहे. मी हेच म्हणणार होतो. तिने घाई केली.

२३ सप्टेंबर

दोष रस्त्याचा. आधीच लक्षात यायला हवं होतं.

आमच्या फाटकापासून गावापर्यंत खडीचा रस्ता. पावसाचं पाणी जावं म्हणून डावीकडे उतरता केलेला. आपण गाडी डावीकडून चालवतो. म्हणजे सगळा भार डाव्या चाकावर. म्हणजे नगरपालिका माझा टायर खाते आहे. फोन केला. रस्ता विभागातल्या बाईंना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगलं लक्षण.

निश्चय: भरपाई मिळेपर्यंत रस्त्याच्या मधोमध गाडी चालवणार.

२५ सप्टेंबर

मधोमध चालवताना समोरून शाळेची बस आली. निश्चय मागे घेतला. भीतीने नाही, मुलांकडे बघून.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मिस्टर ट्रेझिस, त्या रस्त्याने रोज पोस्टाची गाडी जाते, शाळेची बस जाते, ओब्स्टसाहेबांची पिकअप जाते. कुणाचाच टायर असा झिजलेला नाही. तुम्ही एकदा मिस्टर शर्मर यांच्याकडे का जात नाही?"

केल्व्हिनचे हात नगरपालिकेपर्यंत पोहोचलेले आहेत.

१ ऑक्टोबर

नवी दिशा: वजन.

गावातून परतताना ग्लेनिसला विश्वासात घेतलं. फक्त एवढंच म्हणालो की उजवीकडे मी एकटा बसतो, डावीकडे तू बसतेस, तुझ्या मांडीवर आपली कुत्री डचेस बसते, आणि तुम्हा दोघींच्या वजनाचा शास्त्रीयदृष्ट्या विचार केला तर…

वाक्य पूर्ण झालं नाही. ती म्हणाली, "नेव्हिल, गाडी थांबव." लग्नात पाद्रीबाबांसमोर तिने मला पूर्ण नावाने हाक मारली होती, त्यानंतर आजच. थांबवली. ती उतरली. कुत्रीही उतरली. दोघी घरापर्यंत चालत आल्या.

तिला चालायची आवड आहेच.

२ ऑक्टोबर

ग्लेनिस स्वतःच्या छोट्या गाडीने फिरते आहे. जेवायला थंड मटण. सोबत काहीही नाही. बोलणंही नाही.

प्रयोगाच्या दृष्टीने हे उत्तम. पिकअपमध्ये डावीकडे आता कुणीच नाही. खबरदारी म्हणून हौद्यात उजव्या कडेला मेंढ्यांच्या खाद्याची पोती रचली. गाडी उजवीकडे किंचित कललेली दिसते. लिंडसे म्हणाला, बोट बुडायला लागल्यासारखी दिसते. त्याने आयुष्यात बोट बघितलेली नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

डावीकडे कुणी नसतानाही आतली कड झिजतेच आहे. म्हणजे वजनाचा संबंध नव्हता. ग्लेनिसला हे मोठ्या मनाने सांगितलं. म्हणालो, "तुझं वजन निर्दोष ठरलं." तिने भांडं सिंकमध्ये ठेवलं. आपटलंच म्हणायला हवं.

आता हवा. टायरमध्ये हवा भरपूर असेल तर तो कडांवर बसणारच नाही. साधं गणित. डोळे मिटून भरली.

१२ ऑक्टोबर

समेट म्हणून ग्लेनिसची अंडी महिला मंडळाच्या विक्रीला मी पोहोचवतो म्हणालो. तिने विश्वास टाकला. ट्रे शेजारच्या सीटवर नीट बांधले. खडीच्या रस्त्यावर गाडी अशी उडत होती की माझी टोपी दोनदा छताला लागली. पोहोचलो तेव्हा ट्रेमध्ये थेट केकमध्ये घालण्याजोगी अंडी होती. मी तसं सुचवलं. मंडळातल्या बायकांनी ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसने छताकडे बघितलं.

टायर आता मधूनही झिजतोय. आत आणि मध्ये. बाहेरची कड तेवढी राहिली. म्हणजे झीज हळूहळू समान होत चालली आहे. याला प्रगती म्हणतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

लिंडसे कुंपणाशी भेटला. गाडी कशावर आदळली होती का, असं विचारत होता. मी नाही म्हणालो. आदळलो नव्हतोच. जुलैत दक्षिणेकडच्या शेतात एक जुना बुंधा गवतात लपून बसला होता. गाडीने एक उडी मारली, बस. त्यानंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं तिरकं राहतं, पण त्यावर मनगट छान टेकवता येतं.

लिंडसे कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बाबा, चाकाला धरणारा खालचा दांडा वाकला असणार! केल्व्हिन अर्ध्या दिवसात बदलून देईल."

लिंडसे माणूस चांगला, पण त्याला कार्यकारणभाव कळत नाही. बुंधा जुलैत. टायर सप्टेंबरात. मधला ऑगस्ट कुठे गेला?

तरी चाकं थोडी तिरकी असू शकतात, हे मी मोकळ्या मनाने मान्य केलं. ती मी सरळ करणार. मशीनशिवाय. माझ्या वडिलांनी दोरी लावून मैलभर कुंपण सरळ उभं केलं होतं. मशीन कुठे होतं तेव्हा?

१६ ऑक्टोबर

दोरीची पद्धत. गाडीच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, पुढून मागे दोरी ताणायची, दोरीपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या काठाचं अंतर मोजायचं. फरक दिसला की खालचा दांडा फिरवून चाक वळवायचं. सगळं लोकर कातरायच्या शेडमध्ये केलं. सावली असते.

लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण शेडची जमीन खरोखर वाकडी आहे. आजोबांनी मेंढ्यांचं मूत वाहून जावं म्हणून उतार ठेवला होता. मी उतार मनातल्या मनात वजा केला.

डचेस दोनदा दोरीत अडकली. दुसऱ्यांदा खुंटी घेऊन पळाली. मापं आठवणीतून पूर्ण केली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली चाचणी. दांडा बहुधा उलट दिशेला फिरला होता, कारण गाडी खेकड्यासारखी निघाली. नाक वीराबिनकडे, चाल लिंडसेच्या शेताकडे. खडीवर फारसं जाणवत नाही. गावातल्या डांबरी रस्त्यावर मात्र दोन्ही टायर किंचाळायला लागले. मेनरोडवरची माणसं दुकानांतून बाहेर आली.

केल्व्हिन आपल्या दारात चहाचा मग घेऊन उभा होता. मी शेजारून गेलो तेव्हा त्याने टोपी काढून छातीशी धरली. प्रेतयात्रा जाताना धरतात तशी.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघू शकलो असतो. वेग फार नव्हता.

१८ ऑक्टोबर

दांडा दुसरीकडे फिरवला. आता टायर कमी किंचाळतात. स्टिअरिंग जवळजवळ उलटं झालंय, हॉर्न वरच्या बाजूला आला. हाताला सोयीचा पडतो.

ग्लेनिस बोलायला लागली आहे. पण फक्त केल्व्हिनबद्दल. बायको गेल्यापासून एकटाच असतो, हल्ली जिना चढताना थांबतो, छातीवर हात ठेवतो. म्हणाली, "तो माझा एकुलता एक भाऊ आहे, नेव्ह. आणि तुझा एकुलता एक शत्रू. माझी फार ओढाताण होते रे."

ही गाडीची रोजनिशी आहे. पुढे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

उद्यापासून लिंडसेबरोबर त्याच्या गाडीने मेंढ्यांच्या लिलावाला. परवा संध्याकाळी परत. जाण्याआधी गाडीचं काम पुरं करून ठेवलं. दांडा आणखी जरासा, अंदाजाने. ग्लेनिसला बजावलं की माझ्या मागे पिकअपला कुणीही हात लावायचा नाही, सगळं नाजूक अवस्थेत आहे. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू?"

बरं वाटलं. समजूतदार आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

विजय!

सकाळी पिकअप काढली. सरळ. बाणासारखी सरळ. स्टिअरिंग मधोमध. फाटकापासून गावापर्यंत दोन बोटांनी चालवली. डांबरावर टायरचा आवाज नाही, नुसती गुणगुण. मी स्टिअरिंग सोडून बघितलं, गाडी ढळली नाही. डोळ्यांत पाणी आलं. काच उघडी होती, धूळ असेल.

पण सोमवारपर्यंत वाकडी आणि आज सरळ, हे कसं? विचार केला. उत्तर मिळालं: विश्रांती. मी दांडा बरोबरच फिरवला होता, पण लोखंडाला नव्या जागी रुळायला वेळ द्यावा लागतो. मी लगेच गाडी काढायचो, इथेच चूक व्हायची. या वेळी दोन दिवस शेडमध्ये उभी राहिली आणि सगळे भाग आपापल्या जागी बसले. सीटसुद्धा पुढे सरकलेली होती. गुडघे थेट स्टिअरिंगला लागले. चाकामागचा एक दांडा तर नव्यासारखा काळा चकचकीत. लोखंड रुळताना जुना गंज झटकून टाकत असावं.

ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, "वा." मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकली.

तिने प्लम केक केला होता. एकच तुकडा उरला होता. बाकीचा कुठे, विचारलं. मांजराने खाल्ला म्हणाली. आपल्याकडे मांजर नाही. शेजारचं असेल.

२ नोव्हेंबर, शनिवार

फुटबॉल क्लबात संध्याकाळी सगळ्यांना दोरी-विश्रांती पद्धत समजावली. पहिल्यांदा हसले. मग सगळे बाहेर आले, माझी पिकअप मैदानात चालवून बघितली. हसणं थांबलं. केल्व्हिन कोपऱ्यात बसला होता. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "मशीनवाल्यांचं काही म्हणणं आहे का?"

त्याने ग्लासातल्या बिअरकडे बघितलं. म्हणाला, "नाही. गाडी सरळ आहे."

बस. एवढंच. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण, आणि हा माणूस भांडायलाही तयार नाही. हरलेल्याने थोडा तरी विरोध करावा, नाहीतर जिंकणाऱ्याला काय मिळतं?

लिंडसे तयार झाला. त्याची गाडी उद्या करणार. तिला काहीच झालेलं नाही, पण चांगली गाडी आणखी चांगली होऊ शकते. तो म्हणत होता की उद्या बघू, मी म्हणालो, उद्याच.

६ नोव्हेंबर

लिंडसेची गाडी तयार. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच दोरीने. दोन दिवस सक्तीची विश्रांती दिली. आज घेऊन गेला. जाताना जरा डावीकडे ओढत होती. मी म्हणालो, अजून रुळतेय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कापणी सुरू, उन्हाळाही लागला. उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा वारा, भट्टीतून आल्यासारखा. अकराच्या सुमाराला लिंडसेच्या शेतावर धूर. हार्वेस्टर तापला, ठिणगी पडली, उभ्या गव्हात आग.

इथे प्रत्येकाच्या हौद्यात उन्हाळाभर पाण्याची टाकी आणि पंप असतो. माझ्याही. निघालो. कापलेल्या शेतातून, खड्ड्यांतून, पूर्ण वेगाने, आणि गाडी इंचभर ढळली नाही. सगळ्यांच्या आधी पोहोचलो. पण पंपावर कुणीतरी हवं. एक माणूस धावत आला, हौद्यात चढला, पाइप धरला. केल्व्हिन. तीन वर्षांनी स्वतःहून माझ्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं: "डावीकडून घे!"

मी आधीच डावीकडून घेत होतो.

आगीच्या कडेकडेने गाडी नेली. ज्वाळा हातभर अंतरावर. तो पाणी मारत होता, खोकत होता, मध्येच एका हाताने छाती दाबत होता. मी ओरडलो, "बस खाली!" तो ओरडला, "चालव तू!" चालवली. एकदाही एकमेकांना सांगावं लागलं नाही, कुठे थांबायचं, कुठे वळायचं. पाणी पडत होतं तिथे गाडी होती.

लिंडसे स्वतःच्या पिकअपने पाणी घेऊन दुसऱ्या टोकाकडे निघाला होता. पोहोचला नाही. त्याची गाडी डावीकडे ओढत ओढत त्याच्याच तळ्यात गेली. तळ्यात गुडघाभर चिखल होता. त्याला काही लागलं नाही. पण त्या टोकाला पाणी मिळालं नाही आणि रस्त्याकडची गव्हाची अख्खी पट्टी गेली. अग्निशमनची मोठी गाडी आली तेव्हा तिथे काळी माती होती.

लिंडसे माझ्याशी बोलला नाही. दमला असणार. विश्रांती पुरेशी दिली नव्हती त्याने, गाडीला म्हणतोय मी.

९ नोव्हेंबर

काल माझी पिकअप पळताना सगळ्यांनी बघितली. सकाळपासून फोन. पोस्टवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सगळ्यांना आपापल्या गाड्या दोरीने सरळ करून हव्यात. तारखा देत होतो. बसला मंगळवार दिला.

फोन ठेवला तर ग्लेनिस समोर उभी. ॲप्रनला हात पुसत होती, हात कोरडेच होते.

म्हणाली, "नेव्ह, मुलांची बस आहे ती." मी म्हणालो, म्हणूनच नीट करणार. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुझी गाडी केल्व्हिनने केली. तू लिलावाला गेलास त्या दिवशी मी नेली होती. खालचा दांडा बुंध्यावर वाकला होता, तो नवा घातला. सीट मी पुढे घेतली, माझे पाय पोहोचत नव्हते. केक त्याला दिला. त्याने मला शपथ घातली होती, सांगू नकोस म्हणाला. म्हणाला, त्याला जिंकू दे, आनंदात असतो. पण लिंडसेचा गहू जळला. आता मी गप्प बसणार नाही."

शांतपणे ऐकलं. शेडमध्ये गेलो. जेवणाला बोलावलं तेव्हा भूक नव्हती.

१० नोव्हेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. केल्व्हिनने शेवटचा हात फिरवला हे मान्य. पण काम जवळजवळ होत आलं होतं. पाया माझा होता.

ग्लेनिसला तसं म्हणालो. ती म्हणाली, "मी तिथेच बसले होते. सकाळ सगळी तू केलेलं सोडवण्यात गेली."

सकाळ. म्हणजे पाया भक्कम होता.

बसवाल्याला आणि पोस्टवाल्याला फोन करून कळवलं की दोरी संपली.

१२ नोव्हेंबर

लिंडसेची पिकअप ट्रॅक्टरने तळ्यातून बाहेर काढली. मीच काढली, तो नको म्हणत असतानाही चिखलात मीच उतरलो. जळालेल्या पट्टीकडे दोघांनीही बघितलं नाही. तो म्हणाला, "कुंपण तर राहिलं." मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात त्याला माझ्याकडून कापणीला यंत्र आणि माणूस, म्हणजे मी. तो म्हणाला, "ओळी सरळ धरशील ना?" मग त्याला स्वतःलाच हसू आलं. मला नाही आलं. पण त्याला आलं ते बरं झालं.

त्याची गाडी दोरीने बांधून ओढत केल्व्हिनच्या दुकानात नेली. त्याचं मशीन नीट चालतं की नाही हे तपासायला. कुणीतरी तटस्थ माणसाने तपासायला हवंच होतं.

केल्व्हिन दुकानात एकटा होता. त्याने गाडी बघितली, मला बघितलं, आणि चहाचे दोन मग काढले. साखर किती हे त्याला अजून आठवत होतं. मी म्हणालो, "जिंकू दे म्हणालास?" तो म्हणाला, "कोण म्हणालं?" मी म्हणालो, "कुणी नाही." गाडी मशीनवर चढली. मी पूर्ण वेळ उभा राहून बघितलं. चुका शोधत होतो. त्या दिवशी काही सापडल्या नाहीत. एका भेटीत सापडतीलच असं नाही.

निघताना तो सहज बोलल्यासारखं म्हणाला की पुढच्या गुरुवारी पोर्ट लिंकनला हृदयाची तपासणी आहे. नळी आत घालून बघणार. त्यानंतर गाडी चालवायची नाही म्हणाले आहेत. बसने जाईन म्हणतोय.

मी म्हणालो, योगायोगाने गुरुवारी मलाही तिथे काम आहे.

घरी ग्लेनिसने विचारलं, काय काम? शोधतोय म्हणालो.

१९ नोव्हेंबर

काम अजून सापडलेलं नाही. लिंडसेचं शेत कापून झालं. ओळींबद्दल लिहीत नाही.

ग्लेनिस रोज संध्याकाळी केल्व्हिनकडे जाते. म्हणते, त्याला आठवडाभर झोप नाही. घाबरलाय, पण दाखवत नाही. मी म्हणालो, दाखवायचं कशाला असतं?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी केल्व्हिनला घरून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅग. बायकोच्या वेळी असाच हॉस्पिटलात निघाला होता, हे मला आठवलं. त्याला म्हणालो नाही.

माझ्या ड्रायव्हिंगवर तो काय काय बोलेल याची तयारी केली होती. चार-पाच उत्तरं पाठ होती, त्यातली दोन फारच जबरदस्त. गावाबाहेरच्या कोठारांपाशी वळलो तरी तो गप्प. आता बोलेल म्हणून बघितलं, तर झोपलेला. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं, हात मांडीवर सैल.

भित्रा माणूस. माझं ड्रायव्हिंग उघड्या डोळ्यांनी बघायची छाती नाही.

धान्याच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे. प्रत्येक खड्डा हळू घेतला. नवा दांडा आहे, जपायला हवा. मागचे ट्रक वैतागले, त्यांना हात दाखवून पुढे काढलं. रेडिओवर लोकरीचे भाव लागायची वेळ झाली, रेडिओ लावला नाही. भाव उद्याही कळतात.

दवाखान्याच्या दारात पोहोचलो तरी उठला नाही. वेळेच्या बरेच आधी पोहोचलो होतो. इंजिन बंद करून बसून राहिलो. मागून एका गाडीने हॉर्न मारला. परत मारला. मी दार आवाज न करता उघडलं, उतरलो, त्या हॉर्नवाल्याच्या खिडकीशी गेलो आणि त्याला खालच्या आवाजात सांगितलं की पुन्हा वाजवलास तर चाकातली हवा काढीन. इथे माझा माणूस झोपलाय.